पहारा नसलेली गढी

मंडळी, आज जरा लांबचं सांगतो. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातल्या एका खेड्यात मॉन्टेन या लेखकाची गढी आहे. पणजोबांनी १४७७ साली विकत घेतलेली. १५६२ पासून कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवी पेटली. आजूबाजूच्यांनी पहारे वाढवले, तरी कितीतरी बंदोबस्तातले वाडे पडले. मॉन्टेन कॅथलिक, पण दाराशी ठेवला फक्त एक दरवान. पहारा बघूनच हल्लेखोराला चेव येतो, असं त्याचं म्हणणं. १५८४ मध्ये तर प्रोटेस्टंटांचा पुढारी, नवारचा राजा आंरी, त्याच्याकडे मुक्कामाला होता. यादवीत गढी टिकली. पुढे १८८५ च्या आगीत मुख्य वाडा जळाला. मॉन्टेनच्या ग्रंथालयाचा बुरूज वाचला, तो आजही उभा आहे.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंशी बोलणं चालू ठेवणं, हाच त्याचा खरा तट. गावात तणाव वाढला की मला ही गढी आठवते.