कोयनाकाठचे आपले मलकापूर

मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त ही स्मरणिका आपल्या हाती पडत आहे. तिच्या पुढील पानांवर देणगीदारांची यादी आहे. ती वाचण्यापूर्वी आपल्या खोऱ्यातील एका फार जुन्या देणगीची हकीकत ऐकावी, अशी ग्रामस्थांना विनंती आहे.

मध्य प्रदेशातील भरहुत येथे 1873 साली कनिंगहॅम साहेबांना एका प्राचीन स्तूपाचा दगडी कठडा सापडला. त्याचा बराच भाग आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. हा कठडा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर ज्यांनी दान दिले त्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत ‘करहकट’ नगराचे नाव येते. करहकट म्हणजे आपले कराड! एका कोणा सावकाराचे नव्हे, तर साऱ्या नगराचे मिळून दिलेले दान म्हणून तेथे नोंद आहे. त्या काळी शेकडो मैलांवर वर्गणी कशी पोहोचविली असेल, याचे नवल वाटते. आपल्या आगाशिवाच्या डोंगरातील साठांहून अधिक लेणीही अशाच दानधर्मावर उभी राहिली असावीत. श्रावणी सोमवारी डोंगर चढणाऱ्यांनी वाटेत थोडे थांबून ती जरूर पाहावीत.

आपली कोयना महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेस हेळवाकपर्यंत धावते. तेथे एकदम पूर्वेस वळून ती पाटणवरून आपल्याकडे येते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते. तोच प्रीतिसंगम. नदीने आपल्याला मळई दिली आणि पोरांना पोहायला शिकविले. 2005 व 2019 च्या पुरांत तिचे दुसरे रूपही काठच्या लोकांनी पाहिले. वर धरण झाले, वीज आली. पण त्यासाठी वरच्या खोऱ्यातील कित्येक गावांना आपली घरे, शेते व देवळे पाण्याखाली सोडून उठावे लागले, हे आपण खालच्यांनी विसरू नये. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. ती पहाट पाहिलेली वडीलधारी माणसे आजही ती आठवण सांगतात.

आणि करमणूक म्हणाल, तर या मुलखात कुस्तीसारखी दुसरी करमणूक नाही. शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायचे, तर पैसा नाही. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीला जुंपल्या होत्या.

त्या वर्गणीत कोणी किती दिले, त्याची पाटी कोठे लागलेली नाही. आपल्या यादीत मात्र एक रुपया देणाऱ्याचेही नाव छापले आहे. कोणाचे राहून गेले असल्यास कमिटीकडे कळवावे.