शब्दवेध : फाळणी

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. हा धानाचा मुलूख. शेत एकाचंच असलं तरी त्याच्या बांध्या पाडतात आणि प्रत्येक बांधी आपलं पाणी आपल्यापुरतं धरते.

कॉम्प्युटरच्या डिस्कमधल्या अशाच 'पार्टिशन'ला 'विभाजन' म्हणतात, ते मला कोरडं वाटतं. आपला शब्द आहे फाळणी. फाळणे म्हणजे चिरणे. संस्कृतात 'फल्' म्हणजे दुभंगणे. नांगराचा फाळही त्याच कुळातला. १९४७ने या शब्दावर रक्त सांडलं, पण भूमी अभिलेखाच्या कचेरीत 'फाळणी नकाशा' अजून मागितला जातो. त्यात जमिनीचे पोटहिस्से दिसतात.

डिस्कचंही तसंच. वस्तू एक, फाळण्या दोन. विंडोज मात्र सी आणि डी अशा दोन वेगळ्या ड्राइव्ह असल्यासारखं दाखवतं. लिनक्सची रीत सातबाऱ्याच्या जवळची : डिस्क 'एसडीए', तिचे हिस्से एसडीए१, एसडीए२, जणू गट ११२/१, ११२/२. बाहेरून दुसरी डिस्क जोडली की ती 'एसडीबी'. विंडोज तिला पुढचं मोकळं अक्षर देतं. ए आणि बी पूर्वी फ्लॉपीची, म्हणून मोजणी सीपासून.

अक्षर न मिळालेली फाळणी विंडोजच्या एरवीच्या यादीत दिसत नाही. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं की जागच्या जागी असते. तेव्हा जोडलेली डिस्क दिसली नाही तर आधी तिथे बघा. आणि आतले फोटो हवे असतील, तर विंडोजच्या 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला 'हो' म्हणू नका.