साठ रुपये पगार, राहून-खाऊन: नगरच्या किल्ल्यातला आचारी

ज्यांना कानात हेडफोन घालायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे उतरवून देतोय. बोलण्यातलं पाल्हाळ तेवढं कापलंय.

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला. "दादा, शिर्डीत हॉटेलात जागा निघाल्यात, जाऊ का?" आता मी पडलो इतिहास सांगणारा माणूस. मला काय विचारता, असं म्हणून सोडून देणार होतो. पण मग आठवलं, की आपल्या नगरमध्ये हॉटेल लाइनची एक भरती अशी झाली होती की तिची नोंद उर्दूतल्या एका गाजलेल्या पुस्तकात आहे. आणि त्या भरतीत जे चुकलं, तेच आजही चुकतंय.

(कागदावर आता अहिल्यानगर आहे. मी जुन्या काळाबद्दल बोलताना अहमदनगर म्हणेन, आणि बोलण्याच्या ओघात आपलं नुसतं 'नगर'. समजून घ्या.)

साल १९४२. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली, हे शाळेत शिकलोय आपण. सगळ्यांना एका खास गाडीत घातलं. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि बारा जणांना आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव वगैरे. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, हे तर शाळेच्या सहलीतसुद्धा सांगतात. पण त्याच किल्ल्यात आझादही लिहीत होते. एका मित्राला उद्देशून लिहिलेली, पण तेव्हा कधीच न पाठवलेली पत्रं. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावानं पुस्तकात आली. त्यात चहाबद्दल पानंच्या पानं आहेत, चिमण्यांबद्दल आहेत, आणि एका आचाऱ्याबद्दलही आहे.

झालं असं. या बारा लोकांसाठी चांगला आचारी हवा होता. इंग्रज सरकारची अडचण काय, तर नेत्यांना कुठे ठेवलंय हेच मुळात लपवायचं होतं. म्हणजे जो माणूस स्वयंपाकाला आत जाणार, त्याला रोज संध्याकाळी घरी सोडता येणार नाही. बाहेर जाऊन तो बोलला तर? कुणी त्याच्या हातून चिठ्ठी पाठवली तर? थोडक्यात, आचाऱ्यानंही कैद्यासारखंच आत राहायचं. अशा नोकरीला कोण तयार होणार?

किल्ल्यातल्या जेल अधिकाऱ्याला या मंडळींनी 'चिता खान' असं नाव ठेवलं होतं. चांदबिबीच्या काळातल्या एका माणसाचं नाव उचलून! तर हा चिता खान रोज सांगायचा, मिळेल, मिळेल, आचारी मिळेल. शेवटी जिल्ह्याच्या कलेक्टरनं स्वतः लक्ष घातलं आणि एक आचारी गाठला. पगार ठरला महिना साठ रुपये. साठ रुपये म्हणजे किती? लढाई चालू होती, आणि फौजेतल्या साध्या शिपायाला तेव्हा याच्या निम्मेही मिळत नव्हते. वर कलेक्टरसाहेबांचा शब्द. गडी हो म्हणाला.

पण त्याला लगेच आत नेता येईना. किल्ला लष्कराच्या ताब्यात, आणि तिथला कमांडिंग ऑफिसर पुण्याच्या हुकमाची वाट बघत बसलेला. आता या आचाऱ्याला घरी पाठवावं तर गावभर बोभाटा होणार. ठेवावं तरी कुठे? कलेक्टरसाहेबांनी शक्कल लढवली. सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? गावातलं जेल! गोड बोलून त्याला जेलच्या कोठडीत पाठवून दिलं.

विचार करा. तुम्ही नोकरी लागली म्हणून घरातून निघालात आणि पहिली रात्र कोठडीत.

तिथून तो किल्ल्यात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. आझादांनी हा सगळा प्रकार फार मजेत सांगितलाय. भाजणं, तळणं, मसाला कुटणं अशा स्वयंपाकघरातल्या शब्दांवर कोट्या करत करत त्याची घाबरगुंडी रंगवलीय. वाचताना हसू येतंच. दोन दिवस त्यानं कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी आझाद खोलीत लिहीत बसले होते, तेवढ्यात बाहेर एकच आरडाओरडा. बघतात तर आचारी पळायला निघालाय आणि चिता खान, वॉर्डर वगैरे मंडळी त्याला अडवतायत. साठ रुपये गेले खड्ड्यात, मला इथे राहायचं नाही!

आझादांच्या गोष्टीत या माणसाला नाव नाही. बाराच्या बारा नेत्यांची नावं किल्ल्यात आहेत. हा बिचारा मात्र 'आचारी'. खरं सांगू? मला तो त्या सगळ्यांत सगळ्यात जवळचा वाटतो. कारण त्याला पगार सांगितला होता, काम सांगितलं होतं. रात्री कुठे झोपायचं आणि घरी कधी जाता येईल, एवढंच सांगितलं नव्हतं. आणि हॉटेल लाइनमध्ये, मित्रांनो, नोकरी तीच असते. पगाराचा आकडा हा तिचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा त्या 'राहून-खाऊन' या शब्दात लपलेला असतो.

आता जरा मागे जाऊ. नगरला हे 'राहून-खाऊन' कुणी शिकवलं? १८०३ मध्ये वेलस्लीनं किल्ला घेतला, पुढे छावणी झाली. छावणी म्हणजे ऑफिसरांच्या मेस, आणि मेस म्हणजे खानसामे, बेअरर, भिश्ती, मसालची. मसालची हा शब्द बघा. मूळचा मशालची, मशाल धरणारा. पुढे साहेबाच्या घरी तोच भांडी घासणारा झाला, आणि आज हॉटेलात जो सगळ्यात खालचा हेल्पर असतो त्यालाही कुठे कुठे मसालचीच म्हणतात. मशाल विझली, मोरी राहिली.

या लोकांची भरती चालायची चिठ्ठीवर. साहेबाची बदली झाली की तो एक कागद लिहून द्यायचा, हा माणूस प्रामाणिक आहे, पुडिंग बरं करतो, वगैरे. खानसामा अशा चिठ्ठ्या जपून ठेवायचा आणि नव्या साहेबापुढे गठ्ठाच सोडायचा. खोट्या चिठ्ठ्याही निघायच्या, म्हणजे बनावट अनुभवपत्र हा काही आजचा शोध नाही. पण एक लक्षात घ्या, चिठ्ठी नेहमी साहेबच नोकराबद्दल लिहायचा. साहेब कसा आहे, पगार वेळेवर देतो का, याची चिठ्ठी नोकराकडून कुणी मागितली नाही.

मुंबईत मात्र दुसरी तऱ्हा होती. तिथे चिठ्ठी नाही, गाववाला. बरोबर याच १९४२ साली माटुंग्याला ए. रामा नायक यांचं 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' सुरू झालं. नायक स्वतः लहान वयात उडुपीकडून मुंबईत आलेले आणि स्वयंपाकघरात पडेल ते काम करत वर चढलेले. त्या काळातली उडुपी हॉटेलं अशीच भरायची. एकानं यायचं, मोरीवर उभं राहायचं, मग चुलीपाशी, मग गल्ल्यावर, आणि मधेच गावाकडून भाऊ, भाचा, शेजारचा पोरगा बोलावून घ्यायचा. रात्री शटर ओढलं की टेबलं जोडून त्यावरच झोप. दारं इथेही बंद होत होती, पण आतला माणूस ओळखीचा होता, भाषा आपली होती, आणि उद्या आपणही मालक होऊ ही आशा होती. मुंबईतल्या कानडी रात्रशाळांमध्ये कितीतरी हॉटेलातली पोरं शिकली. दिवसा कपबशा, रात्री पाटी. त्या आचाऱ्याला नेमकं यातलंच काही मिळालं नव्हतं.

हे सगळं गोड करून सांगायचं नाहीये मला. कारण याच व्यवस्थेतून 'पोऱ्या' आला. "ए पोऱ्या, दोन कट मार!" आपल्या आजोबांच्या पिढीला या हाकेत काही वावगं वाटत नव्हतं. दहा-बारा वर्षांचं पोर, फडकं खांद्यावर, पगार बापाच्या हातात. हॉटेलं, ढाबे, चहाच्या टपऱ्या आणि घरकामात चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला देशभर बंदी आली ती थेट १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे तुमच्यातल्या काहींचा जन्म झाल्यावर!

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १९४८ मध्ये मुंबई राज्याचा दुकाने आणि आस्थापना कायदा आला. त्यात हॉटेलं आणि खाणावळी होत्या, कामाचे तास होते, आठवड्याची सुट्टी होती. किल्ल्यातला आचारी पळाला त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्याच्याशी या कायद्याचा काही संबंध नाही हो, पण मला दोन्ही तारखा शेजारी ठेवायला आवडतात. दुसरी गोष्ट १९५४ ची. लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं मुंबईत केटरिंग कॉलेज निघालं, आपण ज्याला दादर केटरिंग म्हणतो ते. देशातलं असं पहिलंच. स्वयंपाक ही शिकून, परीक्षा देऊन, सर्टिफिकेट घेऊन करायची नोकरी झाली. चिठ्ठीच्या जागी डिग्री आली. पण ती कुणासाठी? पंचतारांकित हॉटेलांसाठी. लॉजच्या मोरीवर उभ्या असलेल्या पोराला कुणी डिग्री विचारली नाही, आणि कायदाही कुणी वाचून दाखवला नाही.

आता येऊ शिर्डीला. १९०८ मध्ये साठे वाडा झाला, पाठोपाठ दीक्षित वाडा, आणि बाहेरगावच्या भक्तांना टेकायला जागा झाली. १९१८ मध्ये बाबांनी समाधी घेतली. गाव बरीच वर्षं गावच होतं. १९७७ मध्ये 'शिर्डी के साईबाबा' सिनेमा आला, त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी'मधली कव्वाली, आणि देशभरातून गर्दी वाढत गेली. २००९ मध्ये रेल्वे स्टेशन, २०१७ मध्ये विमानतळ, २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा. प्रत्येक वेळी नवीन लॉज, नवीन हॉटेल, आणि प्रत्येक वेळी नवीन पोरं हवीत.

माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, पाथर्डी तालुक्यातला. आई-वडील दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे. यानं ठरवलं, आपण कोयता धरायचा नाही. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, रूमबॉय पाहिजे, बारा हजार, राहून-खाऊन. गेला. झोपायची जागा तळघरात, जनरेटरच्या शेजारी, सहा जणांत. सुट्टी कधी? तर गर्दी नसेल तेव्हा. आणि मूळ आधार कार्ड पहिल्याच दिवशी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. "हरवतं रे पोरांकडून, इथे राहू दे." एकोणिसाव्या दिवशी तो आधार घेऊन निघून आला. एकोणीस दिवसांचा पगार मात्र अजून तिकडेच आहे. मी त्याला किल्ल्यातल्या आचाऱ्याची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "त्याला निदान साठ रुपये सांगताना कलेक्टर तरी आला होता."

मालकांचंही ऐकलं मी. एक हॉटेलवाले नाव न सांगण्याच्या अटीवर भरभरून बोलले. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा, ३१ डिसेंबर, नेमकं तेव्हाच माणूस हवा आणि नेमकं तेव्हाच पोरं गायब. शिकवलेला मुलगा दोन महिन्यांत शेजारच्या हॉटेलात हजार रुपये जास्त घेऊन जातो. खरं आहे, हा त्रास आहेच. पण मी विचारलं, तुमच्याकडे सर्वात जुना कोण? म्हणाले, एक ओडिशाचा वस्ताद, अकरा वर्षं झाली. का टिकला? थोडा वेळ थांबून म्हणाले, "त्याला वेगळी खोली दिलीय. आणि वर्षातून एक महिना गावी जातो, तिकीट आमचं." म्हणजे उत्तर त्यांना माहीत होतं. ते एकाच माणसाला लागू केलं होतं, एवढंच.

१७ मार्च २०२० ला मंदिर बंद झालं, ते उघडलं १६ नोव्हेंबरला. पुढच्या एप्रिलमध्ये परत बंद, ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा 'राहून-खाऊन'चा अर्थ उघडा पडला. हॉटेल बंद म्हणजे पगार बंद, आणि पगाराबरोबर छप्पर आणि जेवणही बंद. भाड्याची खोली असलेल्या माणसाची फक्त नोकरी जाते. इथे तिन्ही एका दिवसात.

तर मूळ प्रश्न, जाऊ का? जा की. हॉटेल लाइन वाईट नाही, आणि कोयत्यापेक्षा बरीच आहे. पण जाण्याआधी एक फेरी मारून या, आणि झोपायची जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, ते वार सांगून घ्या. 'बघू' म्हणाले तर ती नाहीच असं समजा. आधारची झेरॉक्स द्या, मूळ नाही. काय ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, दोन ओळी पुरतात. आपल्याकडे १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा आला, त्यात आठवड्याची सुट्टी आहे, जादा तासांना दुप्पट दरानं पैसे आहेत. अगदी लहान हॉटेलांना त्यातलं बरंचसं लागू होत नाही, म्हणून तिथे किती माणसं कामाला आहेत तेही विचारा. आणि आतल्या पोरांना एकटं गाठून विचारा, पगार कितव्या तारखेला होतो? चिठ्ठी आता तुम्ही मागायची.

पुढच्या भागात नगरच्या छावणीतल्या मेसबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या घरात कुणी तिथे बेअरर, खानसामा, मसालची म्हणून काम केलं असेल, जुनी चिठ्ठी पेटीत सापडली, तर फोटो नक्की पाठवा. आणि हो, त्या माणसाचं नावही पाठवा.