दिवसा निजणारी फौज

परंड्याचा इतिहास म्हटलं की लोक किल्ल्यापासून सुरुवात करतात. १६०० साली अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ इथं होती. मुलूखमैदान तोफ १६३२ साली इथूनच विजापूरला गेली. पण दरसाल येणारी एक फौज कुठल्याच बखरीत नाही. दिवाळी झाली, ज्वारी गुडघ्याला लागली की ती तळ्यावर उतरायची. तलवार बदकं, चक्रांग, थापटे.

गावाला ती आळशी वाटायची. दिवसभर पाण्याच्या मधोमध थवा पडलेला, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. मधेच एखादं उठून पिसं साफ करायचं, की पुन्हा झोप. थापट्या तेवढा दिवसाही पाणी गाळत फिरायचा.

आमचे चुलते शिकारी. ठासणीची बंदूक होती. ते म्हणायचे, "दिवसा ती टप्प्यात येत न्हाईत. दिवेलागणीला चरायला उठत्यात, तवा बांधाआड बसायचं. अन् कडंचं बदाक एक डोळा उघडा ठेवून झोपतंय." आम्ही हसायचो. पुढं १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बदकांवर प्रयोग करून हेच छापलं: थव्याच्या कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं, तेव्हा त्याचा अर्धा मेंदू जागा असतो.

१९७२ साली तळं आटलं. बदकं आली नाहीत. वन्यजीव कायदा झाला तोही त्याच साली. चुलते दुष्काळी कामावर खडी फोडत होते, बंदूक घरात गंजली.

पुढच्या हिवाळ्यात पाणी आलं, बदकंही आली. भर दुपारी मी गंमत म्हणून दगड भिरकावला. सगळा थवा उठला, तळ्यावर घिरट्या घालत राहिला. चुलत्यांनी माझा कान धरला. "रातपाळी करून आल्यात ती. तुझा बा रातभर ज्वारी राखून आला, अन् दुपारी कुणी उठवला तर?" ज्यानं सांजेला इतकी बदकं पाडली तो माणूस हे बोलत होता. मला तेव्हा त्याचा रागच आला.

आता सीना-कोळेगावच्या पाण्यावर बदकं असतात. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून पोरं टाळ्या वाजवत काठानं पळतात. बदकं लांब जाऊन बसतात. पोरं पुन्हा तिकडं जातात. गेल्या पौषात मी एकाला चुलत्यांची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, मग रात्री कुठं जातात ओ ही?"

आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत बांधावर बसून राहिलो.