चॉकलेट-वेष्टित कवचफळे : पोषण, पूरक द्रव्ये आणि कायदा यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बदाम, हेझलनट, काजू यांसारखी कवचफळे आणि वनस्पतिशास्त्रदृष्ट्या शेंगवर्गीय असूनही बाजारात त्यांच्याच पंक्तीला बसणारा शेंगदाणा यांना चॉकलेटचे वेष्टन देऊन विकणे आज जगभर रूढ आहे. या पदार्थाकडे आहारशास्त्र पोषणाच्या, तर रसायनशास्त्र पूरक द्रव्यांच्या, म्हणजे प्रचलित भाषेत ॲडिटिव्हजच्या, दृष्टीने पाहते. परंतु कोणत्या घटकाची समाजाला भीती वाटली आणि कोणत्या घटकाकडे समाजाने दुर्लक्ष केले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा दुय्यम साधनांच्या आधारे विचार केला आहे.

१) वेष्टनाचे तंत्र :

दाण्यावर पाकाचे थर चढविण्याची कला चॉकलेटहून फार जुनी आहे. फ्रान्समधील व्हर्दं येथे इ. स. १२२० च्या सुमारास एका औषधविक्रेत्याने बदामांवर साखरेचे वेष्टन चढविले, अशी परंपरा सांगितली जाते. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना मंद आचेवरील परातीत तीळ किंवा खसखस बोटांनी फिरवीत थेंबथेंब पाक घातला जातो, त्यामागील तत्त्व हेच होय. साखरफुटाणेही याच कुळातले.

चॉकलेट या तंत्राला मिळण्यासाठी मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांच्या दाबयंत्राने कोकोतील स्निग्धांश वेगळा करणे शक्य झाले. १८४७ मध्ये ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीने खाण्याचे घट्ट चॉकलेट तयार केले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये १८७५ साली डॅनिएल पीटर यांनी दुधाचे चॉकलेट, तर १८७९ साली रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट दीर्घकाळ घोटण्याची पद्धत सिद्ध केली. नेपोलियनच्या १८०६ च्या व्यापारबंदीमुळे कोकोची टंचाई झाली आणि इटलीतील तुरिन येथे हेझलनटची पूड चॉकलेटात मिसळली जाऊ लागली, असे सांगितले जाते. म्हणजेच कवचफळ व चॉकलेट यांच्या संयोगामागे चवीबरोबर काटकसरही होती.

२) भेसळीकडून कायद्याकडे :

औद्योगिक शहरांत खाणारा व बनविणारा यांची ओळख तुटली आणि भेसळीला वाव मिळाला. फ्रेडरिक ॲकम यांनी १८२० मध्ये लंडनमधील भेसळीवर ग्रंथ लिहून मिठाईतील विषारी धातुरंगांकडे लक्ष वेधले. १८५० च्या दशकात आर्थर हिल हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेल्या तपासण्यांत कोकोमध्ये पिष्ट व तांबडी माती आढळली. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे साखरेऐवजी घालावयाच्या स्वस्त भुकटीच्या जागी चुकून आर्सेनिक पडले. त्या गोळ्या खाऊन सुमारे वीस माणसे दगावली व दोनशेहून अधिक आजारी पडली. इंग्लंडमधील १८६० व १८७५ चे अन्नविषयक कायदे या पार्श्वभूमीवर आले. अमेरिकेत १९०६ चा कायदा झाला आणि १९०७ मध्ये अन्नासाठी सात कृत्रिम रंगांचीच यादी मान्य करण्यात आली. भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा व त्याची जागा घेणारा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा हे याच प्रवाहातील होत.

३) पूरक द्रव्यांचे कार्य :

पूरक द्रव्य म्हणजे भेसळ, हे समीकरण मात्र तपासून घ्यावे लागते. भाजलेल्या दाण्यातील तेल हळूहळू चॉकलेटात झिरपते व पृष्ठभागावर पांढुरका थर येतो. तो टाळण्यासाठी फिरत्या भांड्यात दाण्यांवर प्रथम बाभूळवर्गीय झाडाच्या डिंकाचा लेप देतात. नंतर थंड हवेच्या झोतात वितळलेले चॉकलेट थराथराने चढवितात. सोयाबीनमधील लेसिथिन अर्ध्या टक्क्याच्या आसपास घातले तरी चॉकलेट पातळ राहते आणि महाग कोको-लोणी कमी लागते. शेवटी चकाकी व आर्द्रतेपासून रक्षण यांसाठी शेलॅक लावले जाते. हे शेलॅक म्हणजे आपल्या पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यापासून मिळणारी लाख. तिच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे संशोधन संस्था स्थापन झाली होती.

४) रंगाची भीती :

अमेरिकेत मार्स कंपनीच्या 'एम अँड एम्स' या गोळ्यांत १९५४ मध्ये शेंगदाण्याचा प्रकार आला. १९७६ मध्ये कर्करोगाच्या शंकेवरून 'रेड नंबर दोन' या रंगावर तेथे बंदी आली. या गोळ्यांत तो रंग नव्हताच, तरीही लोकांच्या मनातील धास्ती ओळखून कंपनीने लाल गोळी काढून टाकली. ती परतली १९८७ मध्ये. भीतीचा प्रभाव कायद्याच्या कक्षेबाहेरही पडतो, हे या घटनेतून दिसते.

पुढील काळात काही शंकांना संशोधनाचा आधार मिळाला. २००७ च्या साउदॅम्प्टन येथील अभ्यासानंतर युरोपात २०१० पासून सहा रंगांसाठी मुलांच्या वर्तनाविषयीचा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. रंगीत गोळ्यांच्या थरात वापरला जाणारा टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून बाद केला. अमेरिकेनेही जानेवारी २०२५ मध्ये 'रेड नंबर तीन'ची मान्यता रद्द केली.

याउलट, 'नैसर्गिक' घटक निर्धोकच असतो असेही नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्याचे मूळ बुरशी लागलेल्या शेंगदाणा-पेंडीतील अफ्लाटॉक्सिनमध्ये सापडले. ते विष कोणी मिसळलेले नव्हते.

५) पोषणाचा हिशेब :

शंभर ग्रॅम बदामांत सुमारे ५८० किलोकॅलरी, २१ ग्रॅम प्रथिने, १२ ग्रॅम तंतू व केवळ ४ ग्रॅम साखर असते. तेवढ्याच दुधाच्या चॉकलेटात सुमारे ५३५ किलोकॅलरी, ८ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅम तंतू व ५१ ग्रॅम साखर असते. दोन्ही निम्मे-निम्मे धरल्यास ऊर्जा जवळजवळ तेवढीच, म्हणजे ५५७ किलोकॅलरी राहते. पण प्रथिने १४ व तंतू ८ ग्रॅमवर उतरतात आणि साखर २८ ग्रॅमच्या आसपास जाते. केवळ कॅलरी पाहणाऱ्यास हा बदल दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, म्हणजे २००० किलोकॅलरींच्या आहारात सुमारे ५० ग्रॅमच्या आत, ठेवण्याची शिफारस केली. हे प्रमाण लक्षात घेता वरील आकड्याचे गांभीर्य कळते.

आणि येथेच इतिहासातील विसंगती उघड होते. अमेरिकेने रंगांची यादी १९०७ मध्ये केली. वरून घातलेल्या साखरेचा आकडा वेष्टनावर स्वतंत्रपणे छापण्याचा नियम मात्र २०१६ मध्ये आला. भारतात अशी तरतूद २०२० च्या लेबलविषयक विनियमांत झाली. रंगासाठी जी जागरूकता शतकापूर्वी आली, ती साखरेसाठी येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

निष्कर्ष :

१. वेष्टनाचे तंत्र औषध व मिठाई यांच्या सीमेवर जन्मले. उद्योगाने त्याला टिकाऊपणा, काटकसर व आकर्षण या हेतूंशी जोडले.

२. सर्व पूरक द्रव्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. लाख, डिंक व लेसिथिन यांचा प्रश्न वेगळा आणि कृत्रिम रंगांचा वेगळा.

३. अपरिचित नावाच्या अल्पांश द्रव्याची धास्ती समाजाला लवकर वाटली. परिचित व गोड अशा मोठ्या घटकाची चौकशी उशिरा झाली.

ग्राहक-शिक्षणात पूरक द्रव्यांच्या नावांबरोबर घटकांचे प्रमाण वाचण्याची सवयही लावणे म्हणूनच आवश्यक ठरते. गृहविज्ञान, रसायनशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन वेष्टनावरील मजकूर हे अभ्याससाधन मानल्यास, विद्यार्थ्यांच्या हाती रोज पडणारा एक पुरावा वर्गात आणता येईल.