कोठाराचं दार कुणासाठी?

कॅनडाच्या पश्चिमेला मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हा सपाट गवताळ मुलूख. तिथं गाव दिसायच्या आधी दिसायचं ते रुळाला चिकटलेलं उंच लाकडी धान्यकोठार. तिकडं त्याला एलेव्हेटर म्हणतात.

गाडी काट्यावर घ्यायची, गहू खड्ड्यात ओतायचा. डबे लावलेला पट्टा फिरतो आणि गहू माथ्यावर नेऊन कप्प्यात सोडतो. तिथनं नळीवाटे थेट रेल्वेच्या डब्यात. पाठीवर पोतं नाही. ही युक्ती डार्ट आणि डनबार यांनी १८४२-४३ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो बंदरात वाफेवर चालवून दाखवली.

यंत्र झकास. पण ते कुणाच्या हातात, हा खरा सवाल.

१८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे पुरी झाली. पुढं रेल्वेनं असं ठरवलं की, जिथं कुणी २५,००० बुशेलचं कोठार बांधील, तिथं माल त्याच कोठारातून डब्यात चढेल. शेतकऱ्यानं स्वतः डबा भरायचा नाही. मग काय! काट्यात मारा, प्रत खालची लावा, कचऱ्याच्या नावानं कडता जास्त धरा. पटत नसेल तर गाडी वळवा. पण वळवून जाणार कुठं?

शेतकरी खवळले. १९०० मध्ये मॅनिटोबा धान्य कायदा झाला, शेतकऱ्याला डबा मागायचा हक्क मिळाला. १९०१ मध्ये पीक उदंड आलं आणि डबे मिळेनात. इंडियन हेड गावी संघटना उभी राहिली. १९०२ मध्ये सिंटालुटाच्या रेल्वे एजंटावर खटला भरला आणि जिंकला. १९०६ मध्ये त्यांनी स्वतःची धान्य कंपनी काढली. १९२३-२४ मध्ये सस्कॅचेवान व्हीट पूल आला, कोठारं शेतकऱ्यांच्या मालकीची झाली. १९३० नंतरच्या काळात या मुलखात साडेपाच हजारांवर कोठारं होती.

लढा खराच. पण गौरवाचा इतिहास इथंच थांबतो. आपण थांबायचं नाही.

त्याच सिंटालुटाच्या दक्षिणेला काही मैलांवर कॅरी द केटल ही नाकोडा आदिवासींची राखीव वसाहत आहे. ही सगळी जमीन १८७४ च्या चौथ्या करारानं सरकारच्या घशात गेली. बदल्यात बैल आणि अवजारं द्यायचं वचन होतं. आदिवासींनी शेती केली, गहू पिकवला. तर १८८९ मध्ये कमिशनर हेटर रीडनं धोरण आणलं: यंत्र वापरायचं नाही. हातानं पेरा, विळ्यानं कापा, काठीनं झोडपा. शेजारचा गोरा यंत्रानं कापणी करतोय आणि याच्या हातात विळा! वर विक्रीला बंदी. १८८१ च्या कायद्यानं आदिवासीच्या धान्यविक्रीवर सरकारी बंधन घातलं. एजंटाची चिठ्ठी असेल तरच माल विकायचा.

गोऱ्या शेतकऱ्याला कंपनीनं लुबाडलं, हे खरंच. पण त्याच्याकडं कोर्ट होतं, संघटना होती, मत होतं. आदिवासीला काट्यापर्यंत पोचायलाच चिठ्ठी हवी. देशाच्या निवडणुकीत आदिवासी म्हणून राहून मत द्यायचा हक्क त्याला मिळाला १९६० मध्ये. आणि धान्यविक्रीच्या परवान्याची कलमं कायद्यातून गेली २०१४ मध्ये!

लाकडी कोठारं आता बहुतेक पाडली गेलीत. मॅनिटोबात इंग्लिस गावी पाचांची रांग राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलीय. जपावीच. पण ती बघताना दोन रांगा ध्यानात ठेवा. एक काट्यापुढं भांडणाऱ्यांची. दुसरी एजंटाच्या दारात, चिठ्ठीसाठी ताटकळणाऱ्यांची. दुसरीचं स्मारक कुणी बांधायचं?