इंग्रजी वाक्याची तालीम

श्रोतेहो, शाळेतील इंग्रजीचा तास म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक काळा फळा, त्यावर लिहिलेले एक वाक्य आणि त्या वाक्याचे अवयव एकेक करून सुटे करणारा खडू उभा राहतो. कर्ता कोणता, क्रियापद कोणते, काळ कोणता, प्रयोग कोणता, हे प्रश्न आपण ऐकले, आपल्या वडिलांनी ऐकले आणि पुष्कळांच्या आजोबांनीही ऐकले. परंतु ही तालीम आली कोठून, मुळात ती कोणासाठी तयार झाली होती आणि तिच्यातून आपल्या मुलांच्या हाती काय लागले, याचा विचार सहसा होत नाही. आज तोच इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणाच्या ज्या पुस्तकाने शाळांवर राज्य केले, ते लिंडली मरे याचे. मरे हा जन्माने अमेरिकन व पेशाने वकील. पुढे तो इंग्लंडात यॉर्क शहराजवळ येऊन राहिला. तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्याने १७९५ साली हे व्याकरण लिहिले आणि १७९७ साली त्याला अभ्यासाचे वेगळे पुस्तक जोडले. त्या दुसऱ्या पुस्तकात मुद्दाम अशुद्ध वाक्ये दिलेली असत. विद्यार्थ्याने ती नियम सांगून शुद्ध करावयाची. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या मुलींसाठी हे पुस्तक झाले, त्या घरी, अंगणात, बाजारात इंग्रजीच बोलत होत्या. त्यांना भाषा शिकवावयाची नव्हती, तर असलेली भाषा घासूनपुसून नेटकी करावयाची होती. ज्याला चालता येते त्याला ऐटीने कसे चालावे, हे सांगणारे ते पुस्तक होते.

हीच पद्धत समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, तेव्हा तिच्यापुढे बसलेला विद्यार्थी मात्र अगदी निराळा होता. १८३५ साली मेकॉलेने आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले आणि सरकारी विद्येचे वळण इंग्रजीकडे झुकले. मुंबई इलाख्यात हा झुकाव निमूटपणे मान्य झाला नाही. नाना शंकरशेट यांच्यासारख्या धुरीणांनी, लोकांत विद्या पसरावयाची तर ती लोकांच्याच भाषेतून पसरली पाहिजे, असा आग्रह शिक्षण मंडळात धरला. तर मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. हा वाद वरवर माध्यमाचा दिसतो. पण त्याच्या पोटात आपल्या विषयाचा प्रश्न दडलेला होता. मराठी मुलाला इंग्रजी वाक्य शिकविताना त्याच्या मराठी वाक्याचे करावयाचे काय?

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून इंग्रजीची प्रश्नपत्रिका हा एक मोठा दरवाजा होऊन बसला. कचेरीतील नोकरी, वकिलीची सनद, वैद्यकीचे शिक्षण, सारे त्या दरवाजापलीकडे. साहजिकच परीक्षेला सोयीचे ते वर्गात बळावले. शब्दाचे व्याकरण चालविणे हे परीक्षेला फार सोयीचे, कारण त्याचे उत्तर ठरावीक असते व गुण देणे सोपे जाते. शतकाच्या अखेरीस नेसफील्ड यांची व्याकरणमाला आली. हे गृहस्थ उत्तर हिंदुस्थानात शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि आपली पुस्तके त्यांनी येथील विद्यार्थी पुढे ठेवूनच रचली. १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड पुस्तकाने नेसफील्डची गादी घेतली. त्यांतले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणसेवेत होते. ‘बो जेस्ट’ ही १९२४ साली गाजलेली कादंबरी त्यांचीच. नेसफील्ड काय किंवा रेन-मार्टिन काय, ही पुस्तके आपापल्या परीने व्यवस्थित होती. मात्र त्यांचा कणा मरेचाच राहिला: आधी व्याख्या, मग नियम, शेवटी वाक्य.

या क्रमाने काय होते, ते एका उदाहरणावरून दिसेल. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे आपले साधे वाक्य. मराठी व्याकरणात ते कर्मणी प्रयोगाचे. कारण ‘खाल्ला’ हे रूप आंब्याप्रमाणे चालते. आंब्याऐवजी पोळी असती तर ‘खाल्ली’ झाले असते. इंग्रजीच्या तासाला मुलाने पाठ केलेले असते की कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस. मग तो बिचारा प्रामाणिकपणे लिहितो, ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’. व्याकरण बिनचूक, पण इंग्रज माणूस असे बोलणार नाही. तो ‘राम एट द मँगो’ म्हणून मोकळा होईल. तसेच ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात भाऊ कर्ता आहेत आणि मी बाजूला चतुर्थीत उभा आहे. इंग्रजीत ‘आय’ कर्ता होतो आणि भाऊ कर्म होतात. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी विसावते, त्यांचे मधेच उभे राहते. ‘ए’, ‘द’ ही त्यांची उपपदे आपल्याकडे नाहीतच. मराठी मुलाच्या चुका अशा ठरावीक ठिकाणी होतात. त्या आळसाच्या चुका नव्हेत; एका भाषेचे शहाणपण दुसरीत नेल्याच्या त्या चुका आहेत. यॉर्कच्या मुलींसाठी लिहिलेल्या पुस्तकाला त्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ही गरज ओळखून जी पुस्तके आपल्याकडे झाली, त्यांत द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेचा मान मोठा आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर ते निराळे. पाठमालेची रीत साधी होती. एक नियम मराठीत समजावून द्यावयाचा, थोडे शब्द द्यावयाचे, मग इंग्रजी वाक्ये मराठीत आणि मराठी वाक्ये इंग्रजीत करावयास सांगावयाची. आणि पुढच्या धड्यात एकच पायरी वर चढावयाचे. तिच्या ताठर वाक्यांची थट्टाही खूप झाली. ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. थट्टेत तथ्य होतेच. परंतु ज्याच्या घरी इंग्रजीचे अक्षर नव्हते, ज्याला शिकवणी परवडत नव्हती, अशा खेड्यापाड्यांतील मुलाला कंदिलाच्या उजेडात एकट्याने पुढे सरकता येईल, असे हे पुस्तक होते. याचे कारण एकच: ते मुलाच्या मराठीला गुन्हेगार न मानता तिलाच पायरी करीत होते.

आणि श्रोतेहो, ही देवघेव एकतर्फी नव्हती. दादोबांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा मराठीत आणली. आज आपण जो स्वल्पविराम सहज देतो, तो त्या वाटेने आला. वाक्यपृथक्करणाचा पाठही इंग्रजीच्या तासावरून मराठीच्या तासाला गेला. १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ निघाले, त्यात या उसन्या साच्यांची कसून तपासणी झाली. इंग्रजी वाक्य समजून घेता घेता आपण आपलेही वाक्य न्याहाळू लागलो, ही या तालमीची मोठी कमाई होय.

गोव्याची कथा थोडी वेगळी. तेथे राज्यकारभार पोर्तुगीज भाषेत चाले. पण पोट मुंबईत, पुण्यात, कराचीत भरावे लागे. म्हणून राज्यकर्त्यांची भाषा बाजूला ठेवून बारदेशातील माणसांनी इंग्रजीची कास धरली. हडफडे येथील सेंट जोसेफ ही शाळा १८८७ साली याच गरजेतून उभी राहिली. तेथील मुलाच्या घरी कोंकणी, देवळात किंवा चर्चमध्ये दुसरी भाषा, कचेरीत तिसरी आणि शाळेत इंग्रजी. चार भाषांच्या या मुलाला व्याकरण म्हणजे घरातील भांडी ओळखीच्या फळीवर लावण्यासारखे होते.

दरम्यान वाक्य शिकविण्याचा दुसरा एक विचार आपल्याच देशात रुजत होता. मद्रास इलाख्यात मुलकी नोकरी केलेल्या टॉमस प्रेंडरगास्ट यांनी १८६४ साली एक ग्रंथ लिहिला. मूल सुटे शब्द गोळा करून भाषा शिकत नाही, आयती वाक्ये उचलते आणि मग त्यांतील शब्द बदलून नवी वाक्ये करते, असे त्यांचे निरीक्षण होते. हॅरल्ड पामर यांनी १९१६ साली याच विचाराचे तक्ते छापले. स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांचा सराव देणारी पद्धत आपल्या शाळांत आली. १९५८ साली हैदराबादेत इंग्रजीची मध्यवर्ती संस्था निघाली आणि तेथे शिक्षकांना या पद्धतीचे शिक्षण मिळू लागले. व्याख्येचे ओझे उतरले, मुले तोंडाने बोलू लागली, हा मोठा लाभ झाला. पण साठ मुलांच्या वर्गात एका सुरात तीच रचना घोकली गेली, तेव्हा वाक्य बिनचूक आले आणि अर्थ हरवला. म्हणून १९७९ ते १९८४ या काळात प्रभू यांनी बंगळूर भागात उलटा प्रयोग केला: मुलांना नकाशा, वेळापत्रक, हिशेब असे काम द्यावयाचे आणि ते करता करता वाक्य आपोआप घडू द्यावयाचे.

मुंबई राज्यात स्वातंत्र्यानंतर काही काळ इंग्रजी आठवीपासून होते. महाराष्ट्रात पुढे पाचवीपासून व २००० सालापासून पहिलीपासून ते सुरू झाले. वर्षे वाढली, पण नुसत्या वर्षांनी वाक्य येत नाही, असे वर्गात उभे राहणारा कोणीही शिक्षक सांगेल. आता तर आपल्या वस्तीवस्तीतून मूल थेट इंग्रजी माध्यमात जाते आणि त्याचे मराठी वाक्यच कच्चे राहते. मग तुलना करावयाची कशाशी? दीडशे वर्षांच्या या तालमीचा मला दिसणारा धडा एवढाच आहे. नियम हवेत, सराव हवा, बोलणेही हवे. परंतु या तिन्हींना टेकावयास मुलाचे स्वतःचे वाक्य हवे. इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव, ज्या मुलाला ‘रामाने आंबा खाल्ला’ यातील ‘ने’ कशासाठी आला हे कळले, त्याला इंग्रजीत तो ‘ने’ का गळतो हेही समजेल. तेव्हा आज रात्री मुलाची इंग्रजीची वही तपासाल, तर चुकलेल्या वाक्याशेजारी त्याच अर्थाचे मराठी वाक्य त्याच्याकडूनच लिहून घ्या. चूक कोठून आली, हे पुष्कळदा त्याचे त्यालाच दिसेल.